अंदमानात दिसलेला काळा, रंगीत काठाचा फ्लॅटवर्म नक्की कोणता?

खोलपाणी: गेल्या महिन्यात स्वराज द्वीपला डायव्हिंगला गेले होते, १४ मीटरवर एका प्रवाळाच्या कपारीत हा दिसला आणि मी तिथेच थांबले. माझ्या बोटाएवढा लांब, मखमलीसारखा काळाभोर, आणि कडेने आधी नारिंगी मग पांढरट पट्टा, अगदी चंद्रकळेला काठ लावावा तसा! आधी खडकावरून सरकत होता मग एकदम सुटला आणि कडा लाटांसारख्या हलवत पोहायलाच लागला, इतकं सुंदर काही मी पाण्याखाली बघितलेलं नाही. मला वाटलं न्यूडिब्रँच, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, गाईड म्हणाला फ्लॅटवर्म, म्हणजे चपटा कृमी. घरी येऊन शोधलं तर स्यूडोबायसेरोस हॅन्कॉकॅनस या फ्लॅटवर्मच्या जातीशी जुळतंय. बरोबर आहे का? टॉर्च नव्हता, फ्लॅश मारलेला फोटो एकच आहे, तो सोबत टाकलाय.

भरतीओहोटी: गाईडचं बरोबर आहे ताई. न्यूडिब्रँचच्या डोक्यावर दोन शिंगं उभी असतात आणि बऱ्याच जातींत पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा तुरा असतो. तुमच्या फोटोत तुरा नाही, पुढे दिसतंय ती शिंगं नाहीत, अंगाच्याच कडेची घडी आहे. शिवाय जाडी बघा, कागदासारखा आहे. पोहताना बघून लोक याला स्पॅनिश डान्सर म्हणतात पण तो वेगळा, तो न्यूडिब्रँच आहे, चांगला मांसल.

प्रवाळवेडा: फ्लॅटवर्म नक्कीच, पण हॅन्कॉकॅनसवर मी लगेच शिक्का मारणार नाही. त्याचा काठ आतून नारिंगी आणि अगदी बाहेर पांढरा. याचाच जवळचा भाऊबंद ग्लोरिओसस, त्यालाही काळी मखमल, पण काठ तीन रंगांचा, आत नारिंगी मग गुलाबी आणि टोकाला गडद वाईनसारखा लाल. आता १४ मीटरवर टॉर्च नसेल तर लाल रंग पाण्यातच गिळला जातो, लाल कड काळपट दिसणार आणि गुलाबी पांढरट, म्हणजे डोळ्यांना नारिंगी आणि पांढरंच दिसलं असणार. त्यामुळे आठवणीवर जाऊ नका, फ्लॅशवाला फोटो झूम करून सगळ्यात बाहेरची रेघ बघा, पांढरा पट्टा थेट पाण्याला भिडतोय की त्याच्याही बाहेर अजून एक बारीक गडद किनार आहे? सगळं तिथेच ठरतं.

खोलपाणी: आत्ता बघितलं!! बाहेर किनार आहे, दाट लाल! आणि मी ज्याला पांढरं म्हणत होते ते फ्लॅशमध्ये चक्क गुलाबी आहे.

प्रवाळवेडा: मग ग्लोरिओसस. लेस्ली न्यूमन आणि लेस्टर कॅनन यांनी १९९४ मध्ये याचं वर्णन केलं, हॅन्कॉकॅनस मात्र १८७६ पासून माहीत आहे.

शंखशिंपले: एक भर घालते. पाठीच्या रंगावरून जात बऱ्यापैकी कळते पण वंश पक्का करायचा तर पोट बघावं लागतं. हे प्राणी उभयलिंगी, पोटाकडे स्यूडोबायसेरोसला नराची छिद्रं दोन असतात आणि तसाच दिसणाऱ्या स्यूडोसेरोस या दुसऱ्या वंशाला एकच. म्हणून कोणी उलटं करून बघायला जातं, ते कृपा करून करू नका. हाताळलं की हे आक्रसतात, फाटतात, कधी कधी डोळ्यांदेखत विरघळायला लागतात. नमुना टिकवणं इतकं अवघड की न्यूमन आणि कॅनन यांनी त्यासाठी गोठवलेलं फॉर्मॅलिन वापरायची पद्धत काढली. आपण फोटोच काढावा, आणि पोहत असेल तर खालून काढावा, पोट आपोआप मिळतं.

खोलपाणी: मी बोटही लावलं नाही. पोहत वर गेला तेव्हा खालून एक काढलाय, थोडा हललाय, टाकू का?

शंखशिंपले: टाका टाका, कापू नका, मूळ साईजमध्येच टाका.