उत्तर सुमात्रा: राहिलात, फिरलात, जेवलात? अनुभव लिहा

इंडोनेशिया म्हटलं की आपल्याकडे बाली, फार तर बोरोबुदूर, विषय संपला. पण उत्तर सुमात्रात कुणी नोकरीनिमित्त राहिलं असेल किंवा हट्टाने फिरायला गेलं असेल तर लिहा ना. दीड कोटीच्या आसपास वस्ती, त्यात बाताक (त्यांच्यातही टोबा, कारो, सिमालुंगुन, पाकपाक, मांदाइलिंग असे वेगवेगळे), मलय, जावानीज, चिनी, तमिळ, शिवाय निआस बेटावरचे. गाइडबुक कॉपीपेस्ट नको. सुरुवात मीच करते.

मेदानच्या (ही प्रांताची राजधानी) आमच्या ऑफिसात दोन बाताक माणसं पहिल्यांदा भेटली की आधी मार्गा विचारायची, म्हणजे कूळ, आणि मग बराच वेळ हिशोब चालायचा की तू माझा काका लागतोस की मी तुझा, आणि ते एकदा ठरलं की बोलण्याचा सूरच बदलायचा, समोरचा मॅनेजर असला तरी. एका मार्गात लग्न चालत नाही. मामाची मुलगी मात्र पहिली पसंती! (आपल्याकडच्या आज्या खूश होतील.) माझ्या कलिगला आवडली जावानीज मुलगी, तीही ख्रिश्चन त्यामुळे धर्माचा प्रश्न नव्हता, तरी घरात धुसफूस. शेवटी तोडगा काय, तर रीतसर विधी करून मुलीला त्याच्या मामाच्या कुळात घेतलं, झाली मामाची मुलगी! लग्नात उलोस नावाची विणलेली वस्त्रं खांद्यावर घालायला एवढे नातेवाईक की नवरानवरी दिसेनात, आणि डुकराचा कुठला तुकडा कुणाच्या मानाचा ह्यावर माइकवरून चर्चा.

दगडधोंडे:
मी टोबा सरोवरासाठी गेलो होतो. पारापातला उभं राहिलं की समुद्रच वाटतो, जवळजवळ १०० किमी लांब, ३० किमी रुंद, खोली ५०० मीटरच्या वर, आणि हे सगळं ज्वालामुखीचं खचलेलं तोंड! ७४,००० वर्षांपूर्वीचा उद्रेक. मधलं समोसिर बेट म्हणजे नंतर खालून वर उचलला गेलेला तळ, म्हणून तिथे डोंगरावर तलावातला गाळ सापडतो, मी हातात घेऊन पाहिला. राख पार भारतापर्यंत आली. जुन्नरजवळ बोरीला कुकडीच्या काठी जो राखेचा थर आहे तो टोबाचाच मानतात, फक्त ह्या उद्रेकाचा की त्याच्या कितीतरी आधीच्या एखाद्या, ह्यावर अभ्यासकांचं अजून भांडण आहे.

मळेवाला:
धागाकर्तीताई, मांदाइलिंगांना सरसकट बाताक म्हणू नका, अनेकांना खटकतं. ते मुसलमान, एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडून 'पाद्री' नावाची इस्लामी सुधारणा चळवळ आली (चर्चच्या पाद्रींशी संबंध नाही) तेव्हापासून पक्के; टोबाकडे १८६० च्या दशकात नोमेनसेन हा जर्मन मिशनरी आला म्हणून तिकडे गावोगावी चर्च.

मी पाम तेलाच्या मळ्यावर होतो. मेदान शहर उभं राहिलं तंबाखूवर. १८६३ मध्ये निनहाइस नावाचा डच आला, देलीची (म्हणजे मेदानभोवतालच्या भागाची) पानं युरोपात सिगारच्या वरच्या वेष्टनासाठी गाजली, मग मजूर हवे म्हणून आधी चिनी, तमिळ, आणि पुढे जावाहून कंत्राटावर माणसं आणली. १८८० च्या कुली कायद्यानुसार पळालं की शिक्षा. आमच्या मळ्यावरचे बहुतेक कामगार त्याच जावानीजांची नातवंडं-पतवंडं, जावा कधी पाहिलेलं नाही. तमिळांचं श्री मारिअम्मन मंदिर १८८४ चं, कांपुंग मद्रास भागात. मेदानचा सुलतानाचा राजवाडा बघायला सगळे जातात, पण मार्च १९४६ च्या उठावात इथल्या मलय राजघराण्यांची कत्तल झाली, कवी आमिर हमजाही त्यातच गेला, हे गाइड सांगत नाहीत.

आंबटगोड:
इतिहास पुरे, जेवणाचं कोण बोलणार? आर्सिक खा. अख्खा कार्प मासा, हळद, आलं, केचोम्ब्रांगची फुलं आणि आंदालिमान घालून पाणी आटेपर्यंत शिजवतात. हे आंदालिमान म्हणजे आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं झुडूप. पहिल्या घासाला जीभ झिणझिणली आणि मला थेट आजोळची बांगड्याची आमटी आठवली. आईला पुडी नेऊन दिली, ती म्हणाली वास लिंबाचा आहे, पण चालेल.

डोंगरभटक्या:
ब्रास्तागी ह्या डोंगरातल्या गावात घरगुती मुक्काम. घरमालक कारो, सेंबिरिंग मार्गाचे. त्यांच्या पोटकुळांची नावं ऐका: चोलिया, पांदिया, ब्राह्माना! पश्चिम किनाऱ्यावरच्या बारुस बंदरात १०८८ चा तमिळ शिलालेख सापडलाय, कापूर न्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांचा, त्यामुळे काका छातीठोकपणे आम्ही तुमचेच म्हणायचे. समोर सिनाबुंग ज्वालामुखी. शेकडो वर्षं शांत असलेला हा डोंगर २०१० मध्ये जागा झाला, पुढे गावंच्या गावं हलवावी लागली, पण त्याच राखेच्या जमिनीत काकांची गाजरं आणि कोबी जोरात.

ओली पावलं:
निआस राहिलंच की. सिबोल्गाहून रात्रीची फेरी. दक्षिणेत बावोमातालुओ गावात दोनेक मीटर उंच दगडी चौथरा पोरं उडी मारून ओलांडतात; १९९२ च्या हजार रुपियाच्या नोटेवर एका बाजूला टोबा आणि दुसऱ्या बाजूला हीच उडी होती. मार्च २००५ च्या भूकंपात सिमेंटची घरं कोसळली, जुनी लाकडी घरं बरीचशी तगली. उडीचा फोटो हवा असेल तर पैसे आधीच ठरवून घ्या, नंतर पोरं ऐकत नाहीत.