रोबस्टा चेरी कॉफी इटलीला पाठवायचीय, पीक कसंय आणि जहाजाचं काय धरायचं?

तासगावकर_बेदाणा
नमस्कार मंडळी. आमचा मूळ धंदा बेदाण्याचा, एक्स्पोर्टची कागदपत्रं वगैरे माहितीयत त्यामुळे तिथनं सुरुवात करू नका 😀 बेदाण्याच्या ओळखीतूनच इटलीतला एक बायर मिळालाय, त्याला रोबस्टा चेरी कॉफी, एबी (मोठ्या बीचा ग्रेड), दोन कंटेनर पाहिजेत, एप्रिल शिपमेंट, ट्रिएस्टे पोर्ट, आणि रेट सीआयएफ (माल, विमा, जहाजभाडं सगळं धरून) मागतोय तोही या आठवड्यातच. चिकमगळूरच्या एका एजंटाशी बोललो, तो म्हणतो माल भरपूर आहे काळजी नको, पण जानेवारीत तिकडं पाऊस झाला असं दुसरीकडनं कळलं. चेरीच्या ५० किलोच्या पोत्याचा भाव घेऊन किलोचा काढला आणि लंडनच्या वायदेबाजारातल्या भावाशी लावून बघितला तर मार्जिन भारीच दिसतंय, म्हणून जरा शंका पण येतीय. पिकाचं खरं काय? फ्रेट किती दिवसांचं धरू? आणि माल न्हावाशेवाला आणून लोड केला तर चालेल का, तिथं आमचा सीएचए (कस्टम्सचा एजंट) आहे.

सकलेशपूर_मळा
भावा मी मूळचा निपाणीचा, पण बरीच वर्षं इकडं इस्टेटवर मॅनेजर आहे. आधी ते मार्जिन. पोत्याचा भाव ५० नं भागलास ना? चेरी म्हणजे वाळलेलं अख्खं फळ, सालासकट. क्युरिंगला (साल काढून बी साफ करायला) गेल्यावर ५० किलोतनं साफ बी २५-२६ किलो निघते, लईच चांगला माल असला तर २८. त्याला आउटटर्न म्हणतात आणि इथं सगळा सौदा त्याच्यावरच चालतो. म्हणजे २६ नं भाग आणि परत हिशोब कर. वर आणखी, त्या २६ किलोत सगळी एबी नसते, पीबी (एकेरी गोल बी) वेगळी, सी (बारीक बी) वेगळी, फुटकी-काळी बी वेगळी, ती लोकल पावडरवाल्यांना कमी भावात जाते.

आता पीक. "भरपूर आहे" हे एजंट दरवर्षीच म्हणतो, त्याचं कमिशन पोत्यावर असतंय. झाडावर फळ बरं आहे हे खरं. पण तोडणी अर्ध्यात असताना पाऊस आला की दोन्हीकडनं मार बसतो. यार्डवर पसरलेली चेरी भिजते, ताडपत्री टाकली तर खाली उबट वास धरते, नाही टाकली तर बुरशी. आणि ज्या झाडावर अजून फळ आहे त्याला त्या पावसानं कळी फुटते, मग आठवडाभरात पांढरं फूल आणि लाल फळ एकाच फांदीवर. तोडायला गेलं की पुढच्या वर्षीचं फूल हातात येतंय, थांबलं तर फळ वाळून खाली पडतंय. २०२४ च्या जानेवारीतबी असाच पाऊस झालेला, कोडगू चिकमगळूर दोन्हीकडं. त्यात माणसं नाहीत. आसाम झारखंडकडनं येणाऱ्या टोळ्यांवर सगळी तोडणी, त्या एकाच वेळी सगळ्यांना पाहिजेत.

त्यामुळं यंदा माल किती आहे हे विचारत बसू नको, पावसाआधी वाळलेला कुठला आणि नंतरचा कुठला ते विचार. स्वतः ये, चेरी मुठीत घेऊन कानाजवळ हलव, आतली बी खुळखुळ वाजली पाहिजे. दबका आवाज आला तर वाळलेली नाही, सोडून दे. आणि मॉइश्चर मीटर स्वतःचा आण, दुसऱ्याच्या मीटरवर माझा विश्वास नाही.

फीडर_आणि_फजिती
मंगळुरात फॉरवर्डिंगमध्ये आहे, शिपिंगचं मी सांगतो.

न्हावाशेवा विसरा. इतक्या लांब ट्रकनं आणायचं भाडं कोण देणार, आणि कॉफीची सवय असलेली गोदामं, लायनिंगवाले (कंटेनरला आतून कागद लावणारे), फ्युमिगेशनवाले (कीड मारणारे) सगळे मंगळूर आणि कोचीनला आहेत. क्युरिंग हासन किंवा कुशालनगरला केलंत तर मंगळूरच. एप्रिल असल्यामुळे शिराडी घाट तरी चालू असेल, पावसाळ्यात तिथं दरड आली की ट्रक तिकडेच अडकतात आणि इकडे कटऑफ (पोर्टात माल द्यायची शेवटची वेळ) निघून जातो.

पण मंगळूरहून थेट युरोपचं मोठं जहाज मिळेलच असं धरू नका, बराच माल फीडरनं (छोट्या जहाजानं) कोलंबोला जातो आणि तिथनं मोठ्या जहाजावर चढतो. कोलंबोत गर्दी असली की कनेक्शन चुकतं, मग पुढच्या जहाजाची वाट बघा. त्यात तांबडा समुद्र. २०२३ च्या शेवटी हुथींचे हल्ले सुरू झाल्यापासून बहुतेक शिपिंग लाइन्स आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. हॅम्बुर्ग रॉटरडॅमला साधारण दहा ते चौदा दिवस वाढले असं सगळे सांगतात, पण ट्रिएस्टेचं दुखणं वेगळं आहे राव. सुएझमधून गेलं तर ट्रिएस्टे जवळ पडतं, वळसा घातला की जहाज पार जिब्राल्टरपर्यंत वर जाऊन परत भूमध्य समुद्रात आत शिरतं, म्हणजे इटलीवाल्याला सगळ्यात जास्त फटका. मध्यंतरी काही लाइन्सनी परत सुएझकडे वळायच्या गोष्टी केल्या, पण बुकिंग करताना रूट लेखी विचारा. दर पण पंधरा दिवसांच्या वर कोणी धरून ठेवत नाही, वरून पीक सीझन सरचार्ज, वॉर रिस्क, जे सुचेल ते लावतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: सीआयएफ देऊ नका, एफओबी मंगळूर द्या, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच तुमचं. फ्रेट बायर बघेल, त्याच्याकडे वर्षाचे कॉन्ट्रॅक्ट रेट असतात, तुमच्या दोन कंटेनरला लाइन कोण विचारतोय.

कपिंगताई
वरच्या दोघांशी सहमत, पण एफओबी केलं म्हणजे सुटलो असं समजू नका. लांबच्या प्रवासात मालाचं काय होतं ते बघा. मी क्वालिटी लॅबमध्ये काम करते, युरोपातून परत आलेल्या तक्रारींचे फोटो माझ्याकडेच येतात. मंगळूरच्या दमट उकाड्यात कंटेनर बंद होतो, आफ्रिकेच्या टोकाला केपच्या बाजूला थंडी, परत विषुववृत्त ओलांडून गरम, मग युरोपात थंड. आतली वाफ छताला लागून थेंब थेंब खाली पडते. दार उघडल्यावर मधली पोती ठणठणीत असतात आणि वरच्या थरातल्या तागाच्या पोत्यांवर गोल गोल डाग, त्या डागाखालची बी पांढुरकी, मऊ, वास मारणारी. तेवढ्या पोत्यांसाठी बायर सगळ्या लॉटवर डिस्काउंट मागतो. मॉइश्चर साडेअकरा टक्क्यांच्या वर असेल तर भरूच नका, क्राफ्ट पेपरचं लायनिंग करा, ड्राय बॅग (ओल शोषणारी) टांगा, आणि भरताना रिकामा कंटेनर आतून बंद करून उजेड कुठून येतो का ते बघा. सँपल सील करून एक तुमच्याकडे ठेवा.

आणि ईयूचा जंगलतोडीचा कायदा. तारीख दोनदा पुढे गेलीय म्हणून निवांत राहू नका, बायर आत्तापासूनच प्लॉटचे जीपीएस मागतायत. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेली कॉफी चालणार नाही, आणि चार हेक्टरच्या वरच्या प्लॉटला नुसता एक पॉइंट नाही तर पूर्ण हद्द लागते. एजंटाकडून दहा ठिकाणचा मिसळलेला माल घेतलात तर हे कागद कुठून आणणार?

तासगावकर_बेदाणा
बाप रे. २६ नं भागल्यावर मार्जिन निम्म्यावर नाही, जवळजवळ गायबच झालं 🙏 ताई, प्लॉटचं तर एजंटानं काढलंच नव्हतं. एक सांगा, रेट या आठवड्यात फिक्स करू का थांबू?

सकलेशपूर_मळा
आकडा फिक्स करू नको, लंडन प्लस प्रीमियम असा दे, मे पोझिशनवर (मे महिन्याच्या वायद्यावर). आपल्या रोबस्टाला लंडनच्या वर पैसे मिळतात, प्रीमियमवर घासाघीस कर. २०२५ च्या सुरुवातीला लंडन साडेपाच हजार डॉलरच्या वर होतं आणि त्याच वर्षी जुलैत साडेतीन हजाराच्या खाली, तिथं फिक्स रेटवाले कुठल्या कुठं गेले. एप्रिल-मेपासून ब्राझीलचा कोनिलॉन (तिथला रोबस्टा) यायला लागतो, मग बायरचं बोलणंच बदलतंय. पण ऐक, तू बायरला लंडनवर विकलास आणि इथं शेतकऱ्याकडनं रोख आकड्यावर घेतलास तर मधला सगळा झोका तुझ्या अंगावर. तेव्हा खरेदी आणि फिक्सेशन (बायरशी लंडनचा भाव पक्का करणं) एकाच दिवशी कर, नाहीतर हेजिंग (वायद्यात उलटा सौदा करून जोखीम झाकणं) शीक.

फीडर_आणि_फजिती
आणि पहिल्यांदा एकच कंटेनर. ६० किलोची ३२० पोती बसतात, तेवढ्यात सगळं कळतं. कॉफी बोर्डाचं रजिस्ट्रेशन केलंय का? ते नसेल तर आजच सुरू करा, बेदाण्याचं इथं चालणार नाही.