बर्लिनला स्थलांतर : पहिले भाड्याचे घर कोणत्या निकषावर निवडावे?

नवाप्रवासी

नमस्कार. बर्लिनमधील एका कंपनीत मला नोकरी मिळाली असून ब्लू कार्डसाठीचा (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यासाठीचा) प्रवेश व्हिसाही हाती आला आहे. पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी यांना सोबत न्यायचे आहे, मात्र तिघांनी एकदमच निघावे की मी पुढे जाऊन घर लावावे, हे अजून ठरत नाही. पहिल्या काही महिन्यांसाठी सामानासकट भाड्याने मिळणारी घरे मी सध्या पाहतो आहे. त्यांपैकी कार्यालयाजवळची दोन घरे परवडण्याजोगी आहेत, पण दोन्ही जाहिरातींत ‘पत्तानोंदणी करता येणार नाही’ असे स्पष्ट म्हटले आहे. नोंदणीची हमी देणारे एकच घर सापडले. ते पार शहराच्या पश्चिम टोकाला, श्पांडाऊला आहे आणि भाडेही जास्त आहे. नोंदणी पुढे कायमच्या घरात गेल्यावर केली, तर काही अडते का?

स्प्रेकाठ

अडते, आणि जवळजवळ सगळेच अडते. श्पांडाऊचे घर घ्या, असेच मी सुचवेन.

कायद्याने घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करणे बंधनकारक आहे. तिला तिथे सगळेच ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. ती ‘ब्युर्गरआम्ट’ या नागरिक कार्यालयात होते आणि तेथे भाडेकरार दाखवून भागत नाही, तर घर देणाऱ्याने सही केलेले स्वतंत्र पत्र लागते. त्या पत्रात राहायला आलेल्या प्रत्येकाचे नाव असावे लागते, म्हणून तिघे जाणार असाल तर तिन्ही नावे पासपोर्टप्रमाणे अचूक लिहून घ्या. कार्यालयाची वेळ मिळणे हे बर्लिनचे जुने दुखणे आहे. मात्र आपल्याच विभागातील कार्यालय हवे असे बंधन नसल्यामुळे संपूर्ण शहरात जिथे वेळ दिसेल तिथे जाता येते. रद्द झालेल्या वेळा संकेतस्थळावर अधूनमधून मोकळ्या होतात, त्यामुळे सकाळी लवकर आणि वारंवार पाहत राहणे हाच खरा उपाय आहे.

नोंदणी झाली की अकरा अंकी कर क्रमांक टपालाने येतो. तो वेळेत न मिळाल्यास कंपनीला तुमचा पगार सहाव्या करवर्गानुसार, म्हणजे सर्वांत जड कपातीने, काढावा लागू शकतो. हा फरक नंतर परत मिळतो, पण नव्या शहरात पहिल्या पगारालाच कात्री लागणे कोणाला परवडते? बऱ्याच बँका खाते उघडताना नोंदणीचा दाखला मागतात आणि निवास परवान्याच्या अर्जालाही तो लागतो.

येथे एक बारीकशी, पण हमखास नडणारी गोष्ट सांगतो. जर्मनीतील पत्त्यात इमारतीचा क्रमांक असतो, पण सहसा फ्लॅटचा क्रमांक नसतो. टपालवाला पत्रपेटीवरचे नाव वाचून पत्र टाकतो. ज्या घरात तुम्ही तात्पुरते राहता त्याच्या पेटीवर मूळ भाडेकरूचेच नाव असेल, तर तुमचे सरकारी पत्र निमूटपणे परत जाते. किल्ली हातात पडली त्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर आपले आडनाव लिहून ती पेटीवर चिकटवा.

तिसरा मजला

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, फक्त श्पांडाऊच्या घराचा करार लांबलचक करू नका. सुसज्ज घरांचे भाडे चढे असते आणि कायमचे घर शोधण्यात महिने जातात, तेव्हा मुदत वाढवून घेण्याची सोय असलेला छोटा करार बरा. अंतराचे फारसे मनावर घेऊ नये. मध्य शहराभोवती फिरणाऱ्या रिंगबान या वर्तुळाकार रेल्वेच्या आतला भाग म्हणजे प्रवासी तिकिटाचा ‘अ’ विभाग. श्पांडाऊ ‘ब’ विभागात येते आणि तेथून लोकल व भुयारी रेल्वे थेट मध्य शहरात जातात. विमानतळ मात्र ‘क’ विभागात आहे, म्हणून पहिल्या दिवशी तिकीट तिन्ही विभागांचे काढा आणि कागदी तिकिटावर यंत्राचा शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेले तिकीट विनातिकीट प्रवासातच मोडते आणि त्याचा दंड 60 युरो आहे.

कायमच्या घराविषयी दोन गोष्टी. जाहिरातीत दोन आकडे असतात : थंड भाडे म्हणजे निव्वळ जागेचे, आणि गरम भाडे म्हणजे त्यात इमारतीचा चालू खर्च व बहुधा तापवणीचा खर्च मिळवून, विजेचे बिल साधारणपणे त्याहून वेगळे असते. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा अधिक मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच दिलेला आहे. रिकामी घरे अनेकदा स्वयंपाकाच्या ओट्याशिवाय आणि छताला दिव्यांशिवाय मिळतात, त्या खर्चाची तरतूद आधीच करून ठेवा.

‘मालक परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल’ असे सांगणारा फसवणूकच करत असतो. पैसे घेऊन नुसता नोंदणीपुरता पत्ता विकणारेही भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्रत्यक्ष राहायला न येणाऱ्याला असा पत्ता देणाऱ्यास 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंदणी करणाराही त्यातून सुटत नाही.

नवाप्रवासी

मनःपूर्वक आभार. श्पांडाऊच्या मालकाला तीन नावांच्या पत्राविषयी आजच लिहितो. राहिले दोन प्रश्न : कुटुंबाने कधी यावे, आणि आरोग्य विमा सरकारी घ्यावा की खाजगी? एका मध्यस्थाने खाजगी विमा बराच स्वस्त असल्याचे सांगितले आहे.

स्प्रेकाठ

विम्याबाबत माझे मत ठाम आहे : कुटुंब सोबत असेल तर सरकारी व्यवस्थेतील विमा निधीच निवडा. त्याची वर्गणी पगाराच्या प्रमाणात असते, जवळजवळ निम्मी कंपनी भरते, आणि कमाई नसलेली पत्नी व मुले त्यात वेगळी वर्गणी न देता समाविष्ट होतात. खाजगी विम्यात प्रत्येक व्यक्तीचा हप्ता वेगळा, तोही वयानुसार आणि प्रकृतीनुसार. मध्यस्थाने सांगितलेला आकडा बहुधा तुमच्या एकट्याचा असेल, तो तिघांचा करून विचारा. शिवाय एकदा खाजगीकडे गेल्यावर परतीची वाट अवघड होते आणि वयाच्या 55 वर्षांनंतर ती जवळपास बंदच होते. निघाल्यापासून नोकरीत रुजू होईपर्यंतच्या दिवसांसाठी मात्र प्रवास विमा घ्यावाच लागेल.

कुटुंबाने तुमच्या पाठोपाठ काही आठवड्यांनी यावे असे मला वाटते. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेचा दाखला लागत नाही आणि आल्यावर नोकरीही करता येते, त्यामुळे तो अडसर नाही. परंतु फार लांबवू नका. पत्नी जर्मनीत राहायला येईपर्यंत तुमचा करवर्ग अविवाहिताप्रमाणे पहिलाच राहतो. ती 31 डिसेंबरपूर्वी राहायला आली, तर त्या वर्षाचे करविवरण दोघांचे एकत्र भरता येते. विवाहाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला, दोन्हींची अधिकृत जर्मन भाषांतरे घेऊन या.

तिसरा मजला

मुलीसाठी भर घालतो. बर्लिनमध्ये बालवाडीचे शुल्क नाही, जेवणापोटी महिना 23 युरो द्यावे लागतात. मात्र प्रवेशासाठी विभागाच्या बालकल्याण कार्यालयाकडून हमीपत्र घ्यावे लागते आणि त्याचा अर्ज प्रवेशाच्या किमान दोन महिने आधी द्यायचा असतो. हमीपत्र मिळाले म्हणजे जागा मिळाली असे नव्हे. ती बालवाड्यांशी थेट बोलून आपणच शोधायची असते. शोध कायमच्या घराच्या आसपास करायचा की श्पांडाऊला, हे आधी ठरवा, कारण रोज पोहोचवणे आणि आणणे तुम्हा दोघांनाच करायचे आहे.

निघण्यापूर्वी भारतातील बँकेला कळवून बचत खात्याचे अनिवासी खात्यात रूपांतर करायला विसरू नका, आणि जुना मोबाइल क्रमांक रोमिंगवर चालू ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, आणि बंद पडलेला क्रमांक परदेशातून पुन्हा सुरू करून घेणे फार जिकिरीचे असते.