उमय्यदांनी आपलेच विजयी सेनापती का संपवले?

वाळूघड्याळ:
इ. स. 711 ते 713 या काळात दमास्कसहून कारभार करणाऱ्या उमय्यद घराण्याच्या खिलाफतीने तीन टोकांना जवळपास एकाच वेळी मोठे विजय मिळवले. मुहम्मद बिन कासिमने देबलपासून मुलतानपर्यंतचा सिंधूकाठ जिंकला, कुतैबा बिन मुस्लिमने 712 मध्ये समरकंद घेतले, आणि मूसा बिन नुसैर व त्याचा सरदार तारिक यांनी स्पेनमधील व्हिसिगॉथ राज्य मोडून काढले. त्यानंतर थोड्याच काळात मुहम्मद इराकमधील वासितच्या तुरुंगात छळ होऊन मेला, कुतैबाला मध्य आशियातल्या फर्गान्यात त्याच्याच सैनिकांनी मारले आणि मूसाला दमास्कसला बोलावून घेऊन जबर दंड ठोठावण्यात आला. हे केवळ 715 मध्ये गादीवर आलेल्या सुलेमानच्या सूडबुद्धीमुळे घडले, की राज्यकारभाराच्या घडणीतच त्याचे कारण होते? शिवाय मुहम्मदच्या मृत्यूशी सिंधचा राजा दाहिर याच्या मुलींची जी कथा जोडली जाते, तिच्यात कितपत तथ्य आहे?

ताम्रपट:
आधी कथेबद्दल. दाहिरच्या मुलींनी मुहम्मदवर बेअब्रूचा खोटा आरोप केला, खलिफाने त्याला कच्च्या कातड्यात शिवून पाठवण्याचा हुकूम काढला आणि तो वाटेतच मेला, असे ‘चचनामा’ सांगतो. हा फारसी ग्रंथ 1216 च्या सुमारास उच येथे सिद्ध झाला, म्हणजे घटनेनंतर पाचशे वर्षांनी. नवव्या शतकात बगदादमध्ये लिहिणाऱ्या बलाझुरीच्या वृत्तांतात ही कथा नाही. तिच्यातला खलिफा सुलेमानचा भाऊ आणि त्याच्या आधीचा खलिफा वलीद आहे आणि मुहम्मदची बडतर्फी तर वलीदच्या मृत्यूनंतर झाली, त्यामुळे ही कथा मी बाजूला ठेवतो.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर माझ्या मते दमास्कसपेक्षा इराकमध्ये आहे. हज्जाज बिन यूसुफ 694 पासून इराकचा सुभेदार होता आणि खुरासान (ईशान्य इराण व त्यापलीकडचा मध्य आशियाचा भाग) व सिंध या दोन्ही सरहद्दी त्याच्या अखत्यारीत येत. कुतैबा हा त्याने नेमलेला माणूस होता, तर मुहम्मद त्याच्याच सकीफ कुळातला नातलग. वलीदला भावाऐवजी, म्हणजे सुलेमानऐवजी, आपल्या मुलाला वारस करायचे होते आणि हज्जाज व कुतैबा या दोघांनी त्याला उघड पाठिंबा दिला होता. हज्जाज 714 मध्ये मेला, पुढच्याच वर्षी वलीद गेला, आणि ज्याचा हक्क डावलायला ही मंडळी निघाली होती तोच सुलेमान खलिफा झाला.

सुलेमानने इराकचा महसूल सालिह बिन अब्दुर्रहमान याच्याकडे दिला. सालिहचा भाऊ आदम खारिजी या बंडखोर इस्लामी पंथाचा होता आणि हज्जाजने त्याला ठार केले होते. मुहम्मदला बेड्या घालून इराकला आणले तेव्हा त्याला वासितमध्ये डांबून हाल हाल करून मारणारा हाच सालिह. वासित हे शहर वसवले होते हज्जाजने. मुहम्मदने खलिफाचे काही बिघडवले होते असे बलाझुरी कुठेही म्हणत नाही. तो हज्जाजचा माणूस होता, एवढे पुरेसे ठरले.

दफ्तरदार:
ताम्रपट यांचे म्हणणे मान्य आहे, पण त्यात मूसा बसत नाही. तो हज्जाजच्या हाताखालचा नव्हता आणि त्याला परत बोलावले ते वलीदने. म्हणून मला वाटते की गटबाजीइतकेच लक्ष हिशेबाकडे द्यायला हवे. लुटीचा पाचवा हिस्सा खलिफाच्या खजिन्यात जायला हवा हा नियम होता, परंतु हजारो कोस दूर असलेल्या सेनापतीने नेमके किती गोळा केले हे तपासण्याचा खात्रीचा मार्ग दमास्कसपाशी नव्हता. मग मार्ग एकच उरे, बडतर्फी आणि त्यामागोमाग झडती. सुभेदाराला पदावरून काढले की त्याला, त्याच्या नातलगांना आणि कारकुनांना तुरुंगात घालून पैसे वसूल करायचे, ही हळूहळू कारभाराची रीतच होऊन बसली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण यजीद बिन मुहल्लब हे आहे. हज्जाजने त्याला खुरासानमधून काढून कैदेत टाकले होते. तो तिथून निसटून पॅलेस्टाइनमधील रमल्याला सुलेमानच्या आश्रयाला गेला, त्यामुळे 715 नंतर त्याचे नशीब फळफळले. इराक हाती आल्यावर महसुलाचे काम मात्र त्याने स्वतःहून टाळले. हज्जाजने प्रांत पिळून काढला आहे, तेवढाच पैसा उभा करायचा तर मलाही लोकांचे तसेच हाल करावे लागतील आणि कमी पाठवला तर खलिफा नाराज होईल, असा त्याचा हिशेब होता. सालिहचे नाव त्यानेच सुचवले आणि मग सालिह त्याच्याच खर्चाच्या चिठ्ठ्या मंजूर करीना. कंटाळून यजीदने खुरासानची सुभेदारी मिळवली. तिथून कॅस्पियन समुद्राकाठच्या जुर्जान आणि तबरिस्तानवर स्वारी केल्यावर त्याने सुलेमानला विजयाचे पत्र लिहायला घेतले, तेव्हा त्याच्या चिटणिसाने बजावले की खजिन्याच्या हिश्शाचा आकडा लिहू नका, कारण तो दफ्तरात कायमचा राहील आणि उद्या दुसरा खलिफा आला तर तो तुमच्याकडे तेवढ्याच रकमेची मागणी करील. यजीदने ऐकले नाही. 717 मध्ये सुलेमान मेला, उमर बिन अब्दुल अझीझ खलिफा झाला, आणि त्याने तेच पत्र पुढे ठेवून पैसे मागितले. यजीद पुन्हा तुरुंगात गेला, तिथून पळाला, त्याने बंड केले आणि 720 मध्ये तो लढाईत मारला गेला.

उलट मसलमा बिन अब्दुल मलिक पाहा. 717–718 चा कॉन्स्टँटिनोपलचा वेढा त्याच्या नेतृत्वाखाली सपशेल फसला, तरी त्याच्या केसालाही धक्का लागला नाही, कारण तो खलिफाच्या घराण्यातला होता. यजीदचे बंड मोडल्यावर मसलमाला इराक मिळाले आणि महसुलाची शिल्लक न पाठवल्याबद्दल ते काढूनही घेतले, पण त्याला कोणी तुरुंगात टाकले नाही.

वाळूघड्याळ:
दोन्ही उत्तरांबद्दल आभार. एक शंका उरते. मुहम्मद निमूटपणे बेड्यांत गेला, पण कुतैबापाशी दहा वर्षे त्याच्याबरोबर लढलेले सैन्य होते. त्या सैन्याने त्याला साथ का दिली नाही?

आमूदर्या:
कुतैबाची चाल तबरीच्या इतिहासात तपशिलाने आली आहे. त्याने दूताबरोबर सुलेमानला तीन पत्रे पाठवली. पहिल्यात निष्ठेची ग्वाही, दुसऱ्यात आपल्या विजयांची आठवण, तिसऱ्यात खलिफाला झुगारून देत असल्याची घोषणा. पहिले वाचून सुलेमानने ते कुतैबाचा प्रतिस्पर्धी यजीद बिन मुहल्लब याच्या हाती दिले तर दुसरे द्यायचे, तेही यजीदला दाखवले तर तिसरे द्यायचे, अशी दूताला ताकीद होती. सुलेमानने पहिली दोन्ही पत्रे यजीदकडे सरकवली आणि तिसरे मात्र वाचून स्वतःपाशीच ठेवले. त्याने कुतैबाला पदावर कायम ठेवण्याचा निर्णयही घेतला होता, पण तो कळण्याआधीच कुतैबाने फर्गान्यात बंड पुकारले.

सैन्याने पाठ फिरवली याचे कारण सैन्याच्या रचनेत आहे. खुरासानची फौज प्रामुख्याने बसऱ्याहून आलेल्या कबिल्यांची होती, तमीम, अझ्द, बक्र अशा मोठ्या कबिल्यांची. कुतैबा बाहिला या लहान कबिल्यातला होता. त्याच्यामागे उभे राहील असे भक्कम भाऊबंद त्याला नव्हते आणि नेमके म्हणूनच हज्जाजने त्याला निवडले असावे, असे मला वाटते, कारण असा सेनापती वरच्या आधाराशिवाय उभा राहू शकत नाही. वर्षानुवर्षांच्या मोहिमांनी थकलेल्या या लोकांना खलिफाविरुद्ध लढण्यात काहीच स्वारस्य नव्हते. ते गप्प राहिल्यावर कुतैबाने भर सभेत एकेका कबिल्याचे नाव घेऊन शिव्या दिल्या. तमीमचा सरदार वकी याच्या पुढाकाराने त्यांनी कुतैबाला आणि त्याच्याबरोबर असलेल्या भावांना ठार केले.

ताम्रपट:
सेनापती वरच्या आधारावरच उभा असतो, या आमूदर्या यांच्या मुद्द्याला सिंधमधून पुष्टी मिळते. मुहम्मदचा मुलगा अम्र पुढे सिंधचा सुभेदार हकम बिन अवाना याच्या विश्वासातला सरदार झाला आणि मन्सूरा हे शहर त्यानेच वसवले. 738 मध्ये इराकची सुभेदारी हज्जाजच्या नात्यातल्या, सकीफ कुळाच्याच यूसुफ बिन उमरकडे आली आणि हकम मारला गेल्यावर त्याच्या जागी सिंधवर नेमणूक झाली ती अम्रची. इराकमधून सकीफांची सत्ता गेली तेव्हा बाप गेला, सकीफ परतले तेव्हा मुलगा सुभेदार झाला.