मदत हवी आहे: आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) वाढलेले नसताना इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) का वाढतात?
लहान मुलांच्या दम्यात रोगप्रतिकारक पेशी नेमके काय करतात हे समजून घेताना एका ठिकाणी अडले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नेहमीची साखळी कळते: टीएच-२ पेशींनी (मदतनीस टी पेशींचा एक प्रकार) सोडलेल्या आयएल-४ आणि आयएल-१३ (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन, पेशींमधील संदेशवाहक प्रथिने) मुळे बी पेशी आयजीई प्रतिपिंडे बनवू लागतात, ती मास्ट पेशींवर (हिस्टामिन साठवणाऱ्या पेशी) जाऊन बसतात आणि तोच ॲलर्जीकारक, उदा. परागकण, पुन्हा आला की हिस्टामिन बाहेर पडून श्वासनलिका आवळते, आयएल-५ मुळे इओसिनोफिल वाढतात ते वेगळेच. परंतु ज्या मुलांची ॲलर्जीसाठीची त्वचाचाचणी निगेटिव्ह येते आणि आयजीईही वाढलेले नसते, त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात इओसिनोफिल वाढलेले का आढळतात? (जंतांचा संसर्ग वगळल्यानंतर, अर्थात.) श्वासनलिकेच्या अस्तरातून निघणाऱ्या आयएल-३३ ने चेतवल्या जाणाऱ्या आयएलसी-२ पेशी (जन्मजात प्रतिकारशक्तीतील लिम्फॉइड पेशी) ॲलर्जीकारकाची ओळख न पटवताच आयएल-५ तयार करतात, एवढे स्पष्टीकरण पुरेसे मानावे का? विषाणूजन्य सर्दीनंतर लागणारी धाप याच मार्गाने येते का, आणि इनहेलरमधील स्टेरॉइड या पेशींना टीएच-२ पेशींइतकेच आवरते का, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन. प्रौढांविषयी वाचायला पुष्कळ मिळते, त्यामुळे उत्तर शक्यतो पाच वर्षांखालील मुलांना धरून द्यावे.