धनेशाच्या ढोलीत दार कोण लिंपतं?

विजूकाका: (फॉरवर्ड) *निसर्गाची शिकवण!!* धनेश पक्ष्याचा नर आपल्या मादीला झाडाच्या ढोलीत कोंडतो, बाहेरून चिखलाने दार लिंपतो आणि तीन महिने तिला बाहेर पडू देत नाही. नवरा असावा तर असा! किमान दहा ग्रुपवर पाठवा.

सुनीताआत्या: विजू, तू हे वाचून पाठवतोस की नुसतं बोट लावतोस?

विजूकाका: अगं फोटो तरी बघ. काय चोच आहे!

रोहन: काका, फोटोतला टूकन आहे. दक्षिण अमेरिकेतला. धनेश नव्हे.

विजूकाका: चोच तेवढीच मोठी आहे की.

मानसी: चोचीच्या वर बघा ना काका. आपल्या मोठ्या धनेशाच्या (ग्रेट हॉर्नबिल, ही धनेशाची एक जात) चोचीवर पिवळं, पुढून दोन टोकांचं शिरस्त्राण असतं. दिसतं अवजड, पण आतून जवळजवळ पोकळ. तरी चोचीचा भार आहेच, म्हणून मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जुळलेले असतात. टूकनला हे शिरस्त्राण नसतं आणि दोघांचं जवळचं नातंही नाही.

सुनीताआत्या: नर-मादी ओळखायचे कसे?

मानसी: डोळे बघायचे. नराचे लालभडक, मादीचे पांढुरके. नराच्या शिरस्त्राणाला पुढे-मागे काळा रंग असतो, मादीच्या नाही. बाकी सारखेच दिसतात. चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण तीन ते चार फूट. आणि पापण्यांना केसांसारखी बारीक पिसं! जवळून फोटो मिळाला तर झूम करून बघ आत्या, मस्कारा लावल्यासारखी दिसतात.

सुनीताआत्या: मान पिवळी दिसते ती?

मानसी: तोही रंग लावलेलाच. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथे डोकं घासायचं आणि ते पिवळं तेल चोचीवर, मानेवर, पंखांच्या पांढऱ्या पट्ट्यावर फिरवायचं. पिसं मुळात पांढरी.

सुनीताआत्या: बरं झालं माझ्या पार्लरवाल्या मैत्रिणी या ग्रुपवर नाहीत.

दिनेशदादा: आमच्याकडे आधी आवाज येतो, मग गरुड दिसतो. (इथे सगळे गरुडच म्हणतात त्याला.) घुं घुं करत पंखांचा आवाज पार पलीकडच्या डोंगरातून ऐकू येतो. पोरं बाहेर धावतात.

मानसी: दादा, त्याच्या पंखांना खालच्या बाजूने झाकणारी पिसं पुरेशी नसतात. मोठ्या पिसांच्या मुळांमधून हवा घुसते, त्याचा तो आवाज.

सुनीताआत्या: पण मुद्द्याचं राहिलं. कोंडतं कोण?

मानसी: ती स्वतःच. लिहिते सविस्तर, थांब.

मानसी: जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास जोडी ढोली बघते. नर आधी तोंडाशी फळं देऊन तिची मनधरणी करतो. ती आत शिरते आणि आतूनच दार बंद करायला लागते. स्वतःची विष्ठा, फळांचा गर, ढोलीतला भुगा हे सगळं चोचीच्या बाजूने थापटत थापटत. वाळलं की कडक होतं. शेवटी राहते एक उभी फट, तिची चोच बाहेर येईल एवढीच. काही जातींत नर चिखलाच्या गोळ्या आणून देतो, पण मोठ्या धनेशात गवंडीकाम मुख्यतः तिचंच. त्या फटीतून साप, माकड, दुसरा धनेश कोणी आत येत नाही. म्हणजे कडी आतून आहे काका, बाहेरून नाही.

विजूकाका: पण बाहेर तर येत नाही ना ती!

मानसी: येऊन करणार काय? आत गेल्यावर ती पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं बऱ्यापैकी एकदमच गाळते. त्या काळात तिला उडताच येत नाही. अंडी एक किंवा दोन, उबवायला ३८ ते ४० दिवस. तोवर सगळी भिस्त नरावर.

माई: अगो, इतके दिवस आत म्हणजे घाण किती होत असेल?

मानसी: नाही माई, फार स्वच्छ असते ती. शेपटीकडची बाजू फटीला लावून बाहेर पिचकारी. फळांच्या बिया, उरलंसुरलं सगळं फटीतून खाली टाकते.

दिनेशदादा: खरंय माई. आपल्या राईत धनेशाची ढोली आहे त्या बेहड्याखाली जाऊन बघ, बियांचा सडा आहे. पावसात तिथे रोपं उगवतात, त्यातली कितीतरी त्या झाडाची नव्हेतच. नर येतो तो गळ्यात फळं भरूनच. खोडाला धरून बसतो आणि एकेक उंबर वर काढून चोचीच्या टोकाने तिच्या चोचीत देतो. घाई नाही अजिबात. उंबर, वड, पिंपळ पिकलेले असले की जास्त येतो. मध्ये एकदा सरडा पण आणला होता.

मानसी: म्हणजे पिल्लू बाहेर आलं असेल दादा. अंड्यातून पिल्लं निघाली की सरडे, साप, किडे, इतर पक्ष्यांची पिल्लं असं मांसाहारी खाणं वाढतं.

रोहन: पिल्लू मोठं झाल्यावर ती दोघं मावतात का आत?

मानसी: मोठ्या धनेशात पिल्लू अर्धवट वाढलं की मादी दार फोडून बाहेर येते, तोवर तिला नवी पिसं आलेली असतात. आणि मग पिल्लू ते भगदाड स्वतःच परत लिंपून घेतं! कोणी शिकवलेलं नसतं. मग आईबाप दोघं मिळून बाहेरून भरवतात. कवड्या धनेश या दुसऱ्या जातीचं वेगळं, त्यात मादी पिल्लांबरोबरच शेवटी बाहेर पडते.

सुनीताआत्या: आणि मध्येच नराचं काही बरंवाईट झालं तर?

मानसी: तर घरटं वाया जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणून विणीच्या दिवसांत एक नर मारला तरी नुकसान एकाचं नसतं. चोचीसाठी, मांसासाठी, तेलासाठी शिकार झालीच आहे याची. अरुणाचलच्या पक्के भागात न्यिशी लोक टोपीवर खरी चोच लावायचे, आता फायबरची लावतात.

रोहन: काका, तुम्ही मुंबईत फोर्टात नोकरीला होतात ना? तिथे हॉर्नबिल हाउस आहे, त्या संस्थेच्या विल्यमची गोष्ट माहीत असेल.

विजूकाका: इमारत रोज बघायचो. विल्यम कोण?

रोहन: बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पाळलेला मोठा धनेश. १८९४ मध्ये कारवारहून पिल्लू असताना आला, १९२० मध्ये गेला. टेनिसचा चेंडू फेकला की चोचीत झेलायचा म्हणे. उंदीर, विंचू आवडीने खायचा. सोसायटीच्या बोधचिन्हावर तोच पक्षी आहे.

विजूकाका: वा! हे फॉरवर्ड करण्यासारखं आहे.

दिनेशदादा: विषय निघालाच आहे तर विचारतो. लाकडाचा ठेकेदार परवा येऊन गेला. काकांच्या वाट्यातला तो बेहडा मागतोय. शेंडा वाळलाय, खोड पोकळ आहे म्हणतो.

विजूकाका: पोकळच आहे ते. फळ्या काय निघणार? जळणालाच जाईल. देऊन टाकावं का?

मानसी: काका, पोकळ आहे म्हणूनच तर ते हवंय. एवढी चोच असूनही धनेशाला ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, बुरशी लागून खोड आतून कुजावं लागतं, किंवा सुतारपक्ष्याने सुरुवात केलेली असावी लागते. एवढा मोठा पक्षी बसेल अशी ढोली व्हायला झाड किती जुनं लागतं विचार करा. एकदा जमली की तीच ढोली वर्षानुवर्षं वापरतात. बारीक झाडं शंभर राहिली तरी तिथे तिला घर नाही.

सुनीताआत्या: आणि आता आत पिल्लू आहे ना रे दिनेश?

दिनेशदादा: आहे. फटीतून आवाज येतो.

माई: विजू, बाबांनी त्या झाडाला कधी कुऱ्हाड लावू दिली नाही. राईतलं आहे ते.

विजूकाका: मी कुठे कापतोय म्हणालो? विचारत होतो. दिनेश, त्याला नाही म्हणून सांग. आणि परत आला तर माझा नंबर दे.

सुनीताआत्या: फक्त यंदाच नाही विजू, पुढेही नाही.

विजूकाका: बरं बाई, पुढेही नाही.

मानसी: आणि दादा, धनेश पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. ठेकेदाराला हेही सांगून ठेव, म्हणजे रात्रीबेरात्री काही करायचा नाही.

रोहन: मी शनिवारी येऊ का कॅमेरा घेऊन?

दिनेशदादा: ये. पण झाडाखाली उभं राहायचं नाही. माणूस दिसला की नर चारा गळ्यात घेऊन तासन्‌तास लांब बसून राहतो, आत पिल्लू उपाशी. पलीकडच्या बांधावर पालापाचोळ्याचा आडोसा करून देतो, तिथून काय मिळेल ते काढ. आणि मागच्या वेळचा तो पांढराशुभ्र शर्ट घालून येऊ नकोस.