‘बारोमास’ वाचताना घरचा कोणता दुष्काळ आठवला?

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ पुन्हा वाचायला घेतली. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी बुलढाण्याकडची, पण तिचा नायक एकनाथ मला आमच्या परभणीचाच वाटतो. शिकला, नोकरीसाठी भरायला पैसे नाहीत, आणि रानात राबावं तर हाती काही उरत नाही. पाऊस आला की दुष्काळ सरला असं आपण धरून चालतो. या घरात तो सरत नाही, आणि माझ्या मते कादंबरीचं खरं बळ तेच आहे. मराठवाडेकरांनी आपापल्या घरचा दुष्काळ लिहा. कादंबरी वाचली नसेल तरी लिहा. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली उत्तरं खाली आहेत.

जालना
2012-13 च्या दुष्काळातली मोसंबी. झाड फळाला यायला पाच-सहा वर्षं जातात, त्यामुळे बाबा हार मानेनात. विकतचं टँकरचं पाणी आणून आळ्यात ओतलं. रोज सकाळी नखाने साल खरवडून बघायचे, आत हिरवं आहे का. हिरवं दिसलं की त्या झाडाला दोन बादल्या जास्त. मे महिन्यात नखाखाली नुसता भुगा यायला लागला. मग कुऱ्हाड लावली, सरपणाच्या भावाने बाग गेली. टँकरची उधारी पुढे कितीतरी दिवस फेडत होतो. एकनाथाच्या घरातली पैशावरून होणारी भांडणं मला पानापानावर ओळखीची वाटली.

धाराशिव
मी बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय. तेव्हा विहिरीत थोडंफार पाणी होतं, खायला दाणा नव्हता. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी घशाखाली उतरत नसे. आता रेशनला धान्य मिळतं, पण बोअर कितीही खाली न्या, धुरळाच येतो. दोन्हीला दुष्काळच म्हणतात, पण उपाय एक कसा असेल?

लातूर
2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या पाण्याने शहर तगलं, त्याचे उपकार आहेतच. पण गल्लीत टँकर रात्री कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून आई ड्रमाशेजारीच अंथरूण टाकायची. धुण्याचं पाणी साठवून संडासाला वापरायचो. दुष्काळावरच्या कादंबऱ्यांत कर्ज येतं, पीक येतं. हे बाईचं जागरण फार कमी येतं, आणि ते कुणीतरी नीट लिहायला हवं.

बीड
आमच्याकडे पाऊस झाला तरी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाऊन गाव रिकामं होतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते; नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. माझे आई-वडील कारखान्याच्या थळात, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावर, मी आजीजवळ राहून शिकले. डी.एड. झाले, भरती निघेना. म्हणून एकनाथ मला परका नाही. फक्त त्याच्याकडे जमीन तरी होती. कोरडवाहू दीड एकरवाल्याच्या पोरीवर कुणी कादंबरी लिहिली असेल तर नाव सांगा, मला वाचायची आहे.